वारा सरला होता

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीपर्यंतच शिकले, माफ करा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही.

जुन्नरच्या एका दवाखान्यात माझं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पित्ताच्या पिशवीत खडे होते. पोटाला चार भोकं. डॉक्टर म्हणाले, भोकांपाशी बधिर करायचं औषध भरलंय, म्हणजे दुखण्यावरची जड इंजेक्शनं फार लागत नाहीत आणि आतडी लवकर जागी होतात. वारा सरला की जेवण, जेवण पचलं की घरी.

घरी — म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला? भाताच्या आवणीचे दिवस. गुडघाभर चिखल, तीन म्हशी, सासूच्या हाका. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दिवसा पाठ टेकलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी विचारलं, "वारा सरला का, ताई?" मी पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली — नाही. लाजले म्हणून? छे. वारा पहाटेच सरला होता.

दोन दिवस तेच सांगत राहिले. उपाशी, सलाईनवर. पण झोपले — पंख्याखाली, भर दुपारी. डॉक्टर पोटाला नळी लावून म्हणायचे, "आवाज तर येतोय!" आणि कागदावर काहीतरी लिहायचे.

धाकटा भाऊ दामू उशाशी बसून. तिकडे आंबेगावात त्याची रोपं लावायची राहिली होती, तरी हलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आक्के, भीमाशंकराला नवस बोललोय. तुझा वारा सरू दे, अनवाणी येतो."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली. "देवाला काय काय मागत्यात, राव!"

दामू हसला नाही. त्याचे डोळे भरले होते.

तेव्हा तरी खरं बोलायचं ना मी? संध्याकाळी म्हणाले, "सरला." एवढंच. आणि तो गेला चालत — पावसात, उघड्या पायांनी. टाचेत काच घुसली. पंधरा दिवस लंगडत होता, निम्मं शेत आवणीवाचून पडलं. त्याची जखम मी धुतली.

झोपेचा मला पस्तावा नाही. कुणी काही म्हणो. ती झोप मी पुन्हा घेईन, खोटं बोलून घेईन. पण भावाला चालू दिलं, ते मी केलं. तिथे सासूचं, कामाचं नाव पुढे करणार नाही.

जादा दिवसांचं बिल त्यानेच भरलं होतं. मी अंडी विकून थोडे थोडे परत दिले. परवा शेवटचे द्यायला गेले, तर हात मागे घेऊन म्हणाला, "भनीकडनं बिल घेत्यात व्हय, आक्के?"

मी नोटा त्याच्या खिशात कोंबल्या. पैसे तेवढे सगळे फिटले.