तापवल्यावर उरलेलं लोखंड

आमच्या प्रयोगशाळेत कोणी "झालं, मॅडम!" म्हणत आत शिरलं की मला आनंदाआधी शंका येते. स्वभावच तसा, आता या वयात काय बदलणार. त्या सकाळी आली ती माझी विद्यार्थिनी, हातात म्हैसूरपाकाचा डबा घेऊन. मुलगी नागपूरची, मारतहळ्ळीत मैत्रिणींबरोबर राहते. आमचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे मी तिला कानडी वळणाने "स्वल्प थांब", म्हणजे जरा थांब, म्हटलं की तिला हसू फुटतं. त्या दिवशी ती थांबायच्या मनःस्थितीत नव्हती.

"तापवल्यावर पावडर जास्तच जोरात ओढून राहिली नं, मॅडम! आता होसकोटेवाले घेतील."

बेंगळुराजवळ होसकोट्याला पंप-पंख्यांच्या मोटारी बनवणारा एक छोटा कारखाना आहे. आमची चुंबकाची पावडर त्यांच्या भट्टीच्या उष्णतेत टिकली, तर ते ती घेणार होते आणि तिच्याबरोबर हिलाही नोकरीवर. शिष्यवृत्ती संपत आली होती, आणि दुसरीकडून कुठूनही बोलावणं नव्हतं. तिचं सगळं त्या एका तापवण्यावर अडकलं होतं.

ही पावडर म्हणजे समेरियम नावाचा धातू, लोखंड आणि त्यांच्यामधल्या फटींत बसवलेला थोडा कार्बन. कार्बन जागेवर आहे तोवर चुंबक उत्तम. पण फार तापवलं की कार्बन समेरियमला घेऊन वेगळं बिऱ्हाड मांडतो आणि मागे नुसतं लोखंड उरतं. लोखंड ओढतं जोरात, पण उलट्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र लावलं की लगेच फिरतं. मोटारीत असलं चुंबक काय कामाचं? म्हणून आमच्याकडे पावडर नुसती किती ओढते हे पाहून भागत नाही. उलटं क्षेत्र लावून ती किती तग धरते, हेही पाहावंच लागतं.

मी म्हैसूरपाक तोंडात टाकला. "उलटं लावून पाहिलंस?"

"मोजायचं मशीन दुसऱ्या गटाला द्यायचं होतं. अर्धंच झालं."

"मग हे वाटत काय फिरतेस? ओढ वाढली म्हणजे मला तर भीतीच वाटते."

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. त्या दुपारी मी दुसऱ्या गटाच्या प्रमुखाशी भांडून मशीन मागून घेतलं. तिने नमुना बसवला, मी खुर्ची ओढून शेजारी बसले. सरळ क्षेत्रात आलेखाची रेघ झोकात वर चढली. उलटं क्षेत्र सुरू झालं आणि ती एकदम कोसळली. कार्बन बाहेर पडला होता.

होसकोटेवाल्यांनी फक्त ओढीचा आकडा मागितला होता. काय पाठवायचं ते तिच्यावर सोडून मी डबा खायला गेले. परत आले तेव्हा तिने दोन्ही आलेख पाठवून दिले होते. खाली तिने लिहिलं होतं की तापवल्यावर ही पावडर चुंबक म्हणून टिकत नाही.

दोन दिवसांनी फोन आला. ते सभ्यपणे बोलले. पावडर नको, आणि पावडर नाही तर त्या जागेचीही आत्ता गरज नाही. तिने "हो, सर, सरी" म्हटलं, इथे शिकलेल्या कानडीत 'ठीक आहे', आणि फोन ठेवला.

"मॅडम, मी फक्त ओढ पाठवली असती तर त्यांना कळलं असतं?"

"मोटार तापेपर्यंत नाही," मी म्हटलं.

मग ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मी तिला उगी करायला गेले नाही. मला तिचा फार अभिमान वाटत होता, आणि तो त्या घडीला तिच्या काहीच उपयोगाचा नव्हता.