रविवारचे सहा आकडे

पुण्यात येऊन मला वर्ष होत आलं होतं आणि माझ्याशी सगळ्यात जास्त बोलणारी माणसं म्हणजे अमेरिकेतले डॉक्टर. कानाला हेडफोन लावून त्यांनी रुग्णांबद्दल सांगितलेलं ऐकायचं आणि टाइप करायचं, हीच नोकरी. कुणाचं मूत्रपिंड, कुणाचा गुडघा, सगळं मला पाठ; शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीचं आडनाव मात्र ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बस पकडून धायरीला, खोलीवर. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आपल्याकडे कुणी येणार-जाणार?" मी नाही म्हटल्यावर "उत्तम," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. माझ्या एकटेपणाचं इतकं मनापासून स्वागत दुसऱ्या कुणी केलं नाही.

तिकडे विदर्भात बाबाही एकटेच होते. गिरणी बंद पडली, मग आई गेली, मग मी नोकरीसाठी निघाले. मी निघाले त्या आठवड्यात बाबांनी घरी फोन घेतला. फोन घेतला खरा, पण त्यावर बोलायचं काय, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. घरात बोलायचं खातं आईकडे होतं. रविवारी संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून फोन लावायची. "बरी हाय?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा हाय. ठेवू?" एका मिनिटाच्या आत सगळं उरकायचं. बूथवाल्यालासुद्धा माझी कीव यायची.

दिवाळीला घरी गेले तेव्हा लॉटरीचा विषय निघाला. त्या वर्षी संगणकावरच्या लॉटरीचं वेड होतं. पुण्यात चौकाचौकात तिची दुकानं. एकोणपन्नासांतले सहा आकडे निवडायचे, चार जुळले तरी थोडंफार बक्षीस, सहाही जुळले तर जॅकपॉट. बाबांच्या गावात दुकान नव्हतं. त्यांनी तीन आकडे सांगितले: गिरणीतल्या बिल्ल्याचा, घराचा, आणि आईसोबत काढलेल्या वर्षांचा. "आता तीन तुहे सांग," म्हणाले. मी मनात आले ते सांगितले. निघताना बऱ्याच आठवड्यांच्या तिकिटांचे पैसे त्यांनी माझ्या पिशवीत कोंबले. "मले पेपरातलं बारीक दिसत नाही. लागलं का नाही ते तूच सांगत जा."

आणि फोन बदलला. "काय झालं?" बाबा पहिल्या रिंगला उचलून विचारायचे. "नाही लागलं." "एकबी?" "एक लागला, तुमच्या बिल्ल्याचा." मग ते हसायचे. बिल्ल्यावरून गिरणी निघायची, गिरणीवरून आई. लागलं तर काय करायचं याचे बेत व्हायचे. शेवटी ठरलेला प्रश्न यायचा, "जेवली काय?" मी हो म्हणायची. पाच-सहा मिनिटं कशी जायची कळायचं नाही. पुढचे सहा दिवस मी त्या पाच मिनिटांवर काढायची.

आता खरं सांगते. तिकिटं मी पहिले तीनच आठवडे काढली. दुकानात सगळे पुरुष. मी आत शिरले की सगळ्यांच्या माना वळायच्या. एकाने तर "मॅडम, आमचे पण आकडे सांगा ना" असं म्हणून दात काढले. चौथ्या आठवड्यात मी दुकानापर्यंत जाऊन परत आले. रविवारी बाबांना "नाही लागलं" सांगितलं आणि ते पचलं. बिल्ल्याचा आकडा मीच अधूनमधून लावून द्यायची. लॉटरी काही लागत नसतेच, तेव्हा खोटं बोलायला इतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, असं मला वाटायचं. बाबांचे पैसे बसच्या पासात गेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर लॉटरीचे नियम बदलले. आकडे वाढवले, जॅकपॉटची रक्कम ठरवायची पद्धत बदलली, आणि ज्यांनी जुन्या पद्धतीची पुढच्या सोडतींची तिकिटं आधीच काढली होती त्यांना पैसे परत मिळणार होते. रविवारी बाबांनी स्वतःच विषय काढला. "विहारात एकानं पेपर वाचून दाखवला. पैसे परत भेटतेत म्हने. पुढची तिकिटं काढून ठेवली हायेत ना तुह्यापाशी?"

"आहेत ना," मी म्हणाले.

ते म्हणाले, "बरं. नव्या खेळात आपल्याले नाही पडायचं. आपले आकडे झाले जुने."

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. माणसं तिकिटं हातात धरून रांगेत उभी होती. माझा नंबर आला. "तिकीट?" दुकानदाराने विचारलं. "हरवलं," मी म्हटलं. "मग पैसेही हरवले. पुढे चला." वर पाहण्याचीही तसदी त्याने घेतली नाही. मागचे हसले. बाहेर आले आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं. दुकानदाराच्या बोलण्याचं काही नव्हतं. आता रविवारी फोन लावून मी सांगणार काय होते?

त्याच आठवड्यात मी माझ्या पगारातून बाबांना मनीऑर्डर केली. फॉर्मवर मजकुराला जागा असते, तिथे लिहिलं, "तिकिटांचे परत मिळाले."

रविवारी फोन लावला. बाबांनी उचलला, पण "काय झालं?" असं विचारलं नाही.

"मनीऑर्डर भेटली," ते म्हणाले. "कायले पाठवले पोटाले चिमटा घेऊन?"

"परत मिळालेले आहेत, बाबा."

"बेटा, हिवाळ्यात एकदा आपले चार आकडे लागले होते. तू म्हनली, एकबी नाही."

"तुम्हाला तर पेपर दिसत नाही ना?"

"भिंग लावून दिसते. दर आठवड्याले पाहत होतो. आधी वाटलं, पैशाची अडचन असन पोरीले, बक्षिसाचे ठेवले असतीन. मंग ध्यानात आलं, तिकीटच काढत नसन."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तू लाजून फोन बंद केला असता. मले कोन हाय दुसरं बोलाले?"

समोर मीटर पळत होतं. इतके महिने मी समजत होते की या जगात एकटी मीच आहे आणि बाबांना मी लॉटरीच्या नादाने गुंतवून ठेवलंय. भिंग घेऊन बसलेला तो माणूस मला एकदाही दिसला नव्हता. माझी मला लाज वाटली.

"आता रविवारी काय इचारू तुले?" बाबांनी विचारलं. अगदी साधेपणाने, खरोखरच माहीत नसल्यासारखं.

"जेवलीस का, ते विचारा."

"जेवली काय?"

"नाही, बाबा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते."

बाबा म्हणाले, "म्हंजे इतके रविवार..."

"हो."

"मंग खाते काय तू?"

बाहेर दोघं-तिघं खोळंबले होते. बूथवाल्याने काचेवर टकटक केली. मी त्याच्याकडे पाठ केली आणि सांगायला लागले.