नंबरातली चप्पल

परभणीत आमच्या कचेरीच्या वाटेवर कापसाचं जिनिंग होतं. फाटकासमोर रोजंदारीवाले पहाटेच चपला ओळीनं ठेवून नंबर लावत. तारेनं अंगठा बांधलेली एक चप्पल हमखास पुढे असे. ती त्यांतल्याच एका तोंडओळखीच्या मजुराची. तो समोरच्या लिंबाखाली अनवाणी उकिडवा बसायचा आणि मी दिसलो की उठून रामराम घालायचा. बोलणं सावकाश, नजर मात्र सतत चपलेकडे.

कचेरीत चपराशाची कायम जागा निघाली, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "सकाळी येऊन बस. साहेब आले की गाठ घालून देतो."

तो आला, तोही अनवाणीच. चप्पल तिकडे नंबरात ठेवून आला होता. व्हरांड्यात बसला, पण भिंतीला टेकला नाही. साहेब काही येईनात. जिनिंगचा भोंगा वाजला तसा तो उठला.

"अरे, थांब की जरा!"

"भाऊसाहेब, मुकादम नावं घ्यायलाय. माणूस दिसला न्हाई की चप्पल भिरकावतो. आजचा रोज बुडला तर सांजच्याला चूल पेटायची न्हाई."

आणि पळत सुटला. तासाभरानं साहेब आले. जागा व्हरांड्यात बसून राहिलेल्या दुसऱ्याला मिळाली. त्याच्या घरी शेती होती, त्याला घाई नव्हती.

मी लय चिडलो. याला स्वतःचं भलं कळत नाही, असं घरी चारदा बोललो. पुढं कधीतरी ध्यानात आलं, त्या सकाळी साहेबांची वाट पाहत मीही नुसता बसूनच होतो. माझा पगार चालू होता.