देवघरातली चॉकलेटं

परवा पवनीच्या आमच्या घरात सकाळी सकाळी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं... तेही चॉकलेटमुळे!

माझी धाकटी जाऊ रेखा हौसेने घरी चॉकलेट बनवायला शिकली. पहिलीच ऑर्डर मिळाली, साकोलीच्या एका बारशाची. पहिलं काहीही आधी देवापुढे... म्हणून आदल्या दुपारी तिने सगळे ट्रे देवघरात ठेवले, समई लावली आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी ती पाहते तर चॉकलेटं पार मऊ पडलेली. तिने ती मुकाट्याने फ्रिजमध्ये सरकवली.

सकाळी तिने ट्रे काढला आणि मी पुढे होऊन पाहिलं. चॉकलेटांवर पांढरी भुरी! मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तरी माझ्या तोंडून निघालं, "बुरशी!"

रेखा खालीच बसली. "ताई, समदं फेकून देतो. आजपासून हे बंद." ती रडली असती तर परवडलं असतं... इतकी शांत होती. बारसं त्याच संध्याकाळी होतं.

फेकायला म्हणून मी एक उचललं आणि बोटाखालची भुरी चक्क विरघळली. बुरशी कधी वितळते का? हे तर त्यातलंच कोको बटर! काही मिसळलं नव्हतं, काही गेलं नव्हतं. समईच्या धगीने वितळून फ्रिजमध्ये घाईत गोठताना त्याच्या कणांनी आपली रचना तेवढी बदलली होती.

एकच पदार्थ, स्फटिक निरनिराळे... अहो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते! आणि माझ्याच हातात आलं तेव्हा ओळखलं नाही.

मग फोनवर शोधलं. सगळं पुन्हा वितळवायचं, ढवळत ढवळत निववायचं आणि मूळ चांगल्या चॉकलेटचा तुकडा त्यात घालायचा. बाकीचे कण मग त्याच्यासारखेच रचले जातात.

रेखाने मान वर केली. "म्हणजे दुधाले विरजण लावतो, तसंच ना?"

अगदी तसंच. रेखाने आणलेल्या मूळ चॉकलेटच्या उरलेल्या लादीचा तुकडा घातला, साचे भरले. दुपारी पहिली वडी निघाली ती चकचकीत, मोडली तर कट्कन आवाज. तेच चॉकलेट हो! मी तोंडात बोट घालून बघत राहिले.

डबे वेळेवर साकोलीला गेले. त्याआधी रेखाने एक ट्रे पुन्हा देवापुढे ठेवलाच... फक्त समई उचलून बाहेर तुळशीपाशी नेली.

इतकी वर्षं शिकवलेला धडा मला परवा पहिल्यांदा खरा वाटला. देवा, तुझे आभार... आणि त्या समईचेही.