माझ्या नावाची सही

आमच्या जांबे गावात कुणी खोली मागायला आलं की माझा पहिला सवाल एकच असायचा. कुणाचा रे तू? पगार किती, कंपनी कुठली, ते मागाहून. हिंजवडीच्या कंपन्या वाढत वाढत आमच्या बांधाला भिडल्या, भाताच्या खाचरात मी भाड्याच्या खोल्या बांधल्या, तरी हा सवाल काही मी सोडला नाही. शेजारी टोमणे मारायचे, "आबा, खोली द्यायचीय का पोरगी?" मारू देत. बाकीच्या चाळींत रोज भांडणं. माझ्या चाळीत कुणी दाराला कडी घालत नव्हतं.

मी चौथीसुद्धा पुरी केलेली नाही. हे लाजून सांगत नाही. पण ज्याच्यासाठी मी शब्द टाकला त्याला गावात दुसरं कुणी काही विचारायचं नाही, एवढं मी कमावलं होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे कागद पौडच्या कचेरीत मीच न्यायचो. पाकीट जसं बंद हातात यायचं तसंच बंद साहेबाच्या टेबलावर जायचं.

त्या पोराला माझ्या साडूंनी आणलं. "आमच्या मास्तरांचा नातू हाय, लातूरकडचा. घरातला समजा," म्हणाले. मास्तरांनी साडूंना सांगितलं, साडूंनी मला. मी कोपऱ्यातली हवेशीर खोली दिली.

पोरगा गोड. संध्याकाळी ओट्यावर चहाला बसायचा. एकदा मी विचारलं, "तू कंपनीत करतोस तरी काय?"

"एका मशीननं दुसऱ्या मशीनवर विश्वास कसा ठेवायचा, ते बघतो."

"मशीनला कसला आलाय इश्वास?"

"तुमच्यासारखाच, आबा. तुम्ही मला खोली का दिलीत?"

"साडूंनी सांगितलं म्हणून."

"आणि साडूंना?"

"मास्तरांनी."

"बस्स. कॉम्प्युटरवर बँक उघडली की ती आपलं सर्टिफिकेट दाखवते. त्याच्यावर कुणाची तरी सही असते. त्या सहीवाल्याची खात्री आणखी कुणी दिलेली असते. असं वर वर जात एक जण असा येतो, की त्याला कुणी काही विचारत नाही. त्याचं नाव कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच भरलेलं असतं. या चाळीत तो म्हणजे तुम्ही."

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.

किल्ल्यांचंही त्यानंच सांगितलं. दोन किल्ल्या असतात म्हणे, एक साऱ्या जगाला वाटायची, दुसरी फक्त आपल्यापाशी ठेवायची. मी म्हणालो, "म्हंजी देवळातली दानपेटी. टाकतं कुणीबी, काढायचं किल्लीवाल्यानं." त्यानं मांडीवर थाप मारली. "आबा, तुम्ही आमच्या कंपनीत या." हे मी दुसऱ्या दिवशी पारावर दोघा-तिघांना ऐकवलंही.

मग त्यानं चाळीत इंटरनेट आणायचं काढलं. प्रत्येकानं वेगळं घेण्यापेक्षा एकच घेऊ, जिन्याखाली माझा एक कॉम्प्युटर ठेवतो, सगळ्यांचं जाणं-येणं त्यातून होईल. प्रॉक्सी म्हणतात त्याला. "तुम्ही पौडला लोकांचे कागद नेता ना, तेच काम," म्हणाला. मी जिन्याखालची जागा झाडून दिली.

फक्त एक करायचं होतं. प्रत्येकानं आपापल्या कॉम्प्युटरवर त्यानं दिलेलं एक सर्टिफिकेट घालायचं. नाहीतर दर वेळी धोक्याची पाटी येते, म्हणाला. बाकीच्यांनी मुकाट्यानं घातलं. शेवटच्या खोलीत नागपूरकडची एक इंजिनियर मुलगी आईला घेऊन राहायची, ती तेवढी अडली. माझ्याकडे आली.

"आबा, हे असं कुणाचंही घालत नसतात."

"कुणाचंबी कसं? पोरगं आपल्यातलं हाय. माझा शब्द हाय, घाल तू."

तिनं घातलं.

पुढं चार-सहा महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी पाण्याच्या नळावर तो पोरगा तिला सहज म्हणाला, "बंगळूरला गारवा असतो, स्वेटर घेऊन ठेवा." तिला बंगळूरची नोकरी लागत होती. पण हे तिनं अजून आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. एका मेलमध्ये काय होतं तेवढंच.

ती हंडा तिथंच ठेवून खोलीत गेली. थोड्या वेळानं लॅपटॉप घेऊन माझ्या ओट्यावर आली. मागं तिची आई. आपली मेल उघडून तिनं बारक्या कुलपाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"आबा, हे कुलूप दाबलं की ही जागा खरी असल्याची सही कुणी केलीय ते दिसतं. इथं एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव पाहिजे. वाचा."

"मला इंग्रजी येत न्हाई, पोरी."

"एवढं येईल."

आमच्या फाटकावर माझ्या नावाची इंग्रजी पाटी आहे, बाहेरगावच्या भाडेकरूंसाठी रंगवून घेतलेली. तेवढी अक्षरं मी वळणानं ओळखतो. तीच अक्षरं तिथं होती. माझं नाव, आडनावासकट. पोरानं सगळ्यांना घालायला लावलेलं सर्टिफिकेट माझ्या नावाचं होतं. तिची मेल खरी आहे अशी सही मी करत होतो. तिची बँक खरी आहे, तेही मीच सांगत होतो. ती टाकायची ते जिन्याखाली उघडलं जायचं, वाचलं जायचं, पुन्हा बंद होऊन पुढं जायचं, आणि वर माझं नाव.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

उभ्या आयुष्यात मला हे असं कुणी विचारलं नव्हतं. मी न्हाई म्हणालो.

पोरगा कामाला निघाला होता. फाटकात अडवला.

"माझं नाव का घातलंस?"

तो गडबडला नाही. "आबा, मी काही कुणाचं वाईट केलं नाही. नेट हळू चालत होतं, कोण काय बघतं ते कळायला हवं होतं."

"तिची मेल वाचायला हवी होती?"

"दिसली, तर वाचली गेली."

"मीबी लोकांचे कागद नेले. एक पाकीट फोडलं न्हाई. नाव का माझं?"

"माझ्या नावानं केलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. तुमच्या नावाला कोण विचारतंय?"

आवाजात जरासुद्धा खोट नव्हती. चहाला बसल्यावर बोलायचा तसाच बोलला. दुपारपर्यंत त्याला खोली सोडायला लावली, जिन्याखालचं यंत्र त्याच्याबरोबर घालवलं. साडूंना फोन केला, तर ते म्हणाले, "मास्तर तर देवमाणूस हो." मास्तरांना कोण काय म्हणतंय. त्यानंतर साडूंच्या दारात मी गेलो नाही.

पण पोरगा गेला तरी ते सर्टिफिकेट साऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तसंच होतं. त्याची दुसरी किल्ली त्याच्यापाशीच, उद्या कुठूनही तो माझ्या नावानं सही करील, असं त्या मुलीनं सांगितलं. तिनं आधी आपलं काढलं. काढण्याआधी यंत्र विचारतं, यावरचा विश्वास खरंच काढून टाकायचा का. ते तिनं मला मराठीत वाचून दाखवलं आणि ती थांबली.

"काढ," मी म्हणालो.

मग मी तिला घेऊन दारोदार फिरलो. ती एकटीही गेली असती. पण नाव माझं होतं. प्रत्येक खोलीत उभा राहून सांगितलं, माझं नाव काढा. कुणी खाली बघत काढलं, कुणी रागानं. एकानं आमच्या तोंडावर दार लावून मग काढलं.

जिन्याशेजारी एक सोलापूरकडचा होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो काढायलाच तयार होईना.

"राहू द्या की आबा. तुमचंच नाव आहे, मग काय वाईट असणार?"

"ते माझं न्हाई."

"अहो, तुमचंच लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून माझं होतंय व्हय? त्याच्यावर इश्वास ठेवू नकोस."

"मग तुमच्यावर नाही ठेवायचा तर इथं कुणावर ठेवायचा?"

तो हसून बोलला. मानानंच बोलला. मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. त्यानं काढेपर्यंत त्याच्या डोक्यामागं तसाच उभा राहिलो.