घडी न मोडलेली साडी

हे मी आजवर कोणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढे नाही, मुलापुढे नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी चौसाळ्याच्या हायवेच्या कडेनं फिरतो, त्याला माझ्या गुडघ्यापासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळं ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता नाही सांगितलं तर राहूनच जाईल, म्हणून.

सुरुवात एका मोबाइलपासून झाली. मागे बीडला एका दुकानातून मोठ्या बटणांचा, म्हाताऱ्या माणसांना वापरता येईल असा फोन घेतला. काही दिवसांतच तो बंद पडला. पावती घेऊन परत गेलो. काउंटरवरच्या तरुणानं फोन हातात घेतला, ‘बसा काका’ म्हणाला आणि तो घेऊन आतल्या खोलीत गेला. बाहेर आला तो मान हलवतच.

‘काका, पाणी गेलंय आत. ही पट्टी लाल झाली, बघा. भिजवला तुमी.’

मी म्हणालो, नाही भिजवला.

‘सगळे असंच म्हणतेत,’ तो म्हणाला. माझ्यामागं उभी असलेली माणसं हसली.

घरी आलो तो धुमसतच. मुलाच्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला. हे बटण दाबा, ते बटण दाबा, मग गाणं, मग तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, मग परत गाणं. फोन आपोआप कटला. पुन्हा लावला, पुन्हा गाणं. मुलगा म्हणाला, ‘जाऊ द्या ना अण्णा. दुकानदार असेच असतेत.’

मी फोन खाली ठेवला.

मी जन्मभर दुकानदारच होतो ना. आणि एक गोष्ट अशी, की ती मला त्या दुकानातल्या बाकावर बसल्या बसल्याच सुचली होती – ह्या पोरानं आत जाऊन फोन बदलला तर नसेल? दुसऱ्या कोणाचा भिजलेला फोन माझ्यापुढे आणून ठेवला नसेल? मागं उभ्या असलेल्यांपैकी कोणाच्या मनात असं आलं असतं? साध्या माणसाच्या मनात येत नाही हे. माझ्या आलं. का आलं, तेच सांगायचं आहे.

माझं कापडाचं दुकान होतं. आता मुलानं तिथं हार्डवेअर टाकलं आहे. गल्ल्याच्या वर लाल अक्षरांत पाटी होती – एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पेंटरकडून दर दोन-तीन दिवाळ्यांनी ती मी पुन्हा रंगवून घ्यायचो. पण ती पाटी सगळ्यांसाठी नव्हती. आमच्याकडे दाखवायला माल न्यायची पद्धत होती. मोठ्या घरच्या बायका दुकानात येत नसत. त्यांचा माणूस यायचा, साड्यांचं गाठोडं बांधून न्यायचा. घरात बायका पाहायच्या, हव्या तेवढ्या ठेवायच्या, उरलेल्या परत. त्या परत आलेल्या साड्यांच्या घड्या मी मोजत नसे, उलगडून पाहतही नसे. विश्वास म्हणून नव्हे. उलगडली आणि काही निघालंच, तर बोलायचं कोणी?

दादासाहेबांचं घर तसंच. खरं नाव लिहीत नाही. नातवंडं आहेत त्यांची. जमीन होती, राजकारण होतं, शाळा होती. शाळेच्या गणवेशाचं कापड दरवर्षी माझ्याकडून जायचं. माझं दुकान त्या एका कापडावर उभं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि सुमनबाई. नेकनूरच्या बाजूच्या एका गावात अंगणवाडीत होत्या. घर बौद्धवस्तीत. नवरा गवंडीकाम करायचा. बाई नीटनेटक्या, बोलायला मोजक्या. दुकानात आल्या की आधी चप्पल सरळ लावून ठेवायच्या, मग गादीच्या कडेला बसायच्या. कधी घासाघीस केली नाही.

त्या साली लेकीचं लग्न ठरलं होतं त्यांच्या. विहिणीला मानाची साडी घ्यायला आल्या. मी आमसुली रंगाची, मोराच्या काठाची एक काढली. तसा रंग मी पुन्हा पाहिला नाही. बाई बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिल्या. मी माझ्या सवयीनं म्हणालो, ‘ह्या रंगात दोनच नग आलेत, बाई. एक दादासाहेबांकडं दाखवायला गेलाय, दुसरा हा.’ माल खपवायला आम्ही असं बोलतोच. पण त्या दिवशी ते खरंही होतं. दोनच होते.

रोख देऊन त्या साडी घेऊन गेल्या.

लग्न अगदी तोंडावर आलेलं असताना दादासाहेबांकडचं गाठोडं परत आलं. गडी ठेवून गेला. आतल्या खोलीत ते सोडलं, तर आमसुली साडी वरच. हातात घेतली आणि कळलं. नवी साडी हाताला करकरते. ही मऊ पडली होती. खांद्यापाशी पिनेची भोकं. पदरावर हळदीचा हाताएवढा डाग. कोणाच्या तरी हळदीला नेसून, मिरवून, घडी घालून परत पाठवली होती.

काय करायला हवं होतं? साडी पिशवीत घालून दादासाहेबांच्या दारात जायचं आणि म्हणायचं, वहिनीसाहेब, ही तुम्ही नेसलात. एवढंच. किंवा गप्प बसून नुकसान सोसायचं. ते मला जड नव्हतं. खरंच नव्हतं. मग मी काय केलं?

दुपारी दुकान भरलेलं. लग्नसराई. गादीवर दोन बस्ते चाललेले, बायका-माणसं दाटीवाटीनं बसलेली. तेवढ्यात सुमनबाई आल्या. पिशवीतून साडी काढली.

‘अण्णा, इहीणबाई नऊवारीच नेसत्यात हो. मला ठाऊकच न्हवतं. एवढी बदलून द्या. घडी न्हाई मोडली, बघा.’

मोडली नव्हतीच. कागदसुद्धा आत तसाच होता. मी म्हणालो, ‘थांबा, ह्या रंगाला मिळती नऊवारी आत आहे का बघतो.’ आणि रंग जुळवायला म्हणून त्यांची साडी घेऊन आत गेलो.

खरंच नऊवारी बघायलाच गेलो होतो. इथं थांबून हे ठासून लिहायचा मोह होतो – पण त्यानं काय होणार? आत ती डागाळलेली साडी पडलेली. माझ्या हातात तशीच दुसरी, कोरी. बाहेर माणसं बोलत होती, कोणी तरी चहा मागत होतं. मी उभा राहिलो. झटक्यात झालं, हात आपोआप गेला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तसं नाही झालं. मी विचार केला. दादासाहेबांना बोलता येणार नाही, असा विचार केला. ह्या बाईसाठी भांडायला माझ्या दारात कोणी येणार नाही, असाही केला. दोन्ही विचार केले आणि मग कोरी साडी फळीवर ठेवली, कागद काढून डागाच्या साडीत घातला, डाग आत जाईल अशी घडी घातली आणि बाहेर आलो.

सगळ्यांपुढे ती उलगडली.

‘बाई, हे काय?’

त्यांनी डागाकडे पाहिलं. मग काठाकडे. मग माझ्याकडे.

‘ही माझी न्हाई, अण्णा.’

‘मग कोणाची? तुमच्याच हातातून घेतली ना, सगळ्यांसमोर?’

‘दोनच आल्त्या म्हणलात तुमी. दुसरी कुठाय?’

नेमकं तेच विचारलं त्यांनी. मी अडखळलोही नाही. ‘ती ठेवून घेतली दादासाहेबांनी.’

गादीवरचे सगळे आता आमच्याकडे पाहत होते. कोणी तरी हसत म्हणालं, ‘मिरवायची हौस फिटली की आणली म्हागारी.’ आणि बस्त्याला आलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, फार हळू नव्हे – ‘ह्या लोकांचं असंच असतंय.’

मी ते ऐकलं. ती दोघींमधली कुजबुज नव्हती, सगळ्यांनीच ऐकली. मी मान खाली घालून घडी घालत राहिलो. खोटं काय लिहू? त्या वाक्यानं माझं काम सोपं झालं. आता मला काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं. मी वर बोट करून पाटी दाखवली.

सुमनबाई रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पुढं वाकल्या आणि मला एकट्याला ऐकू येईल एवढ्या हळू म्हणाल्या, ‘काहून असं करता, अण्णा?’

मी पिशवीत साडी भरून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चप्पल घातली आणि गेल्या. मी पुढच्या बस्त्याकडे वळलो. चहा मागवला. तो प्यायलो.

लग्नात विहिणीला दुसऱ्या कुठल्या तरी दुकानातली साधी साडी गेली, असं कानावर आलं. विहीण जे बोलली, तेही आलं. दुकानात घडलेलं त्या घरापर्यंत पोचलं होतं, कारण बस्त्यावरची माणसं गावोगावची होती. लेकीला सासरी ते ऐकावं लागायचं. कोणी नवं लुगडं नेसलं की म्हणायचे, ‘जपून, हिच्या आईला दाखवू नका, नेसून म्हागारी देईल.’ हे मला कसं कळलं? एका गिऱ्हाइकानं माझ्याच दुकानात गंमत म्हणून सांगितलं. मी हसलो. हो, हसलो.

पुढं अंगणवाडीतला तांदूळ एकदा कमी भरला. वरूनच कमी आला होता, ते नंतर निघालं. पण ते निघेपर्यंत गावात काय बोलणं चाललं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. साडीची गोष्ट सगळ्यांना तयारच होती. तांदळाचा खुलासा झाला. साडीचा कोण करणार? करू शकणारा एकच माणूस होता, आणि तो गल्ल्यावर बसून गणवेशाचं कापड मोजत होता.

आणि ती कोरी साडी? फळीवर ठेवता येत नव्हती. विकायचीही भीती – कोणी नेसून त्यांच्या नजरेला पडली तर? म्हणून दिवाळीला बायकोला दिली. म्हणालो, दोनच नग आले होते, त्यातला एक तुझ्यासाठी राखून ठेवला. ती इतकी हरखली! मी दुकानातलं तिच्यासाठी आपण होऊन काही आणलं असं फार कमी झालं होतं. ती तिची सगळ्यात लाडकी साडी झाली. ‘ही नको नेसू’ असं मला तिला एकदाही म्हणता आलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं बीडला मेहुणीकडे निघालो होतो. स्टँडवर उभे होतो, बायकोच्या अंगावर तीच साडी. नेकनूरकडची एसटी आली आणि तिच्यातून सुमनबाई उतरल्या. त्यांनी मला पाहिलं. मग साडी पाहिली. मी गाड्यांच्या पाटीकडे बघायला लागलो.

त्या सरळ बायकोपाशी आल्या. ‘वहिनी, लई खुलली हो तुमच्या अंगावर.’

बायकोला त्या कोण, ते ठाऊक नव्हतं. ती आनंदानं म्हणाली, ‘ह्यांनी ठेवली माझ्यासाठी. दोनच आल्त्या म्हणं दुकानात.’

‘हां,’ सुमनबाई म्हणाल्या. ‘दोनच आल्त्या.’

त्यांनी पुढं होऊन काठाला हात लावला. पहिल्या दिवशी फिरवलं होतं तसंच बोट मोरावरून फिरवलं. माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. ‘जपून नेसा,’ म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या. बायको म्हणाली, ‘किती चांगल्या बाई हैत. कोण हो?’

मी म्हणालो, गिऱ्हाईक.

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिलाही सांगितलं नाही. सुमनबाई हयात आहेत. मुलाकडे राहतात म्हणे, पुण्याकडे. त्यांच्या गावात विचारलं तर पत्ता कोणीही देईल. मी विचारलेलं नाही. गाडीत बसून तिकडे जाता येईल एवढी ताकद अजून अंगात आहे, हेही सांगून ठेवतो.

त्या दुपारी दुकानात जी माणसं बसली होती, त्यातली काही असतील अजून. त्यांनी पाहिलं ते खरं नव्हतं. सुमनबाईंनी ती साडी नेसली नव्हती. त्यांनी आणली तेव्हा तिची घडी मोडलेली नव्हती, आतला कागदही जागचा हलला नव्हता. डाग दुसऱ्या साडीवर होता. ती दादासाहेबांच्या घरून आली होती आणि बाईंच्या पिशवीत मी माझ्या हातानं भरली. त्या म्हणाल्या, ही माझी नाही. ती त्यांची नव्हती.