दुसरी यादी

वडील मोजणीच्या साहेबाकडे कारकून होते. त्या हिवाळ्यात साहेबाचा तळ जुन्नरला पडला होता, आमचं बिऱ्हाडही तिथेच होतं, आणि पश्चिमेकडच्या डोंगरांच्या उंच्या घेणं चाललं होतं. पुण्याच्या इंग्रजी शाळेत माझं अक्षर वळणदार झालं होतं, म्हणून याद्यांच्या स्वच्छ प्रती वडील माझ्याकडून करून घेत. साहेबाला हे ठाऊक नव्हतं.

याद्या दोन होत्या. पहिलीत डोंगर समुद्रापासूनच्या उंचीप्रमाणे लावलेले. दुसरी साहेबाच्या हौसेची. माथ्यावरून किती खाली उतरलं म्हणजे त्याहून उंच डोंगराची चढण लागते, हे पाहून ती केलेली. जिथे फारसं उतरावंच लागत नाही, तो साहेबाच्या लेखी डोंगर नव्हेच. शेजाऱ्याच्या पाठीवरचं टेंगूळ.

दुर्बिणीची पेटी दोन डोंगरी माणसं वाहत. एक म्हातारा, दुसरा पलीकडच्या गावचा, चाळिशीतला, तोंडाळ. दोघांच्या गावांमागे एकेक डोंगर, आणि मधल्या खोल खिंडीत दोघांचा एकच देव. भात घरी आलं की ज्याचा डोंगर थोर, त्या गावानं तिथे पहिला नारळ फोडायचा. तो मान म्हाताऱ्याच्या घराकडे पिढ्यानपिढ्या होता. पलीकडचे कुरकुरत, पण डोंगर मोजणार कोण?

एका दुपारी वडील तळावर असताना दोघं पेटी ठेवायला आमच्या ओट्यावर आले. मी दाराआड लिहीत बसले होते.

“बाय, आमचे डोंगर लिवलेस का?” म्हाताऱ्यानं विचारलं. “माझा उंच का ह्याचा?”

“कशाला इचारतोस मामा? रडशील,” दुसरा हसला.

“तू गप. सांग गं बाय.”

विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, ही माझी शाळेतली सवय. मी पहिल्या यादीकडे पाहिलं. “यांचा. दोन माणसांच्या उंचीइतका जास्त.”

दुसऱ्यानं मांडीवर थाप मारली. “सायबाची दुर्बीण हाय ही, मामा! औंदा नारळ आमचा. तुला शेंडी देतो ठेवायला!”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. “नीट बघितलंस नव्हं?”

मी मान हलवली. दुसरी यादी माझ्या मांडीवरच होती. तिच्यात म्हाताऱ्याचा डोंगर होता आणि पलीकडचा नव्हताच. पलीकडच्या माथ्यावरून जरा उतरलं की मागच्या मोठ्या डोंगराची चढण लागे. हे समजावायला चार वाक्यं लागली असती. परक्या पुरुषांपुढे मी चार वाक्यं कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, “सरकारी कागदातलं सांगितलंस तेवढं पुरे झालं. आता तोंड उघडू नकोस.”

मार्गशीर्षात पहिला नारळ पलीकडच्या गावानं फोडला. दुसऱ्या दिवशी म्हातारा पेटीचं काम सोडतो म्हणून सांगायला आला. हातात कुंकू लावलेला नारळ होता.

“फोडला नाहीत का हो?” आईनं विचारलं.

“मागनं फोडायला हात उठंना, बाई. देवाला न्हाई पोचला, तुमच्या घरात तरी लागू द्या.”

नारळ उंबऱ्याशी ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. मला त्यानं काही विचारलं नाही, आणि मी आपणहून काही बोलले नाही.

आईनं त्याच दिवशी त्या नारळाची चटणी वाटली. दुसरी यादी माझ्या अक्षरात, साहेबाबरोबर पुण्याला गेली.